भोंगा बंद, तोंड सुरू

क्लेडन,
ता. १४ जून १९०९

ती. स्व. टेमर आत्यास,
झिलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी खाली बस. उभ्याने वाचशील तर हसून पडशील आणि वर मलाच बोल लावशील.

बायकांच्या मतदानाच्या चळवळीसाठी लंडनच्या समितीने आमच्याकडे एक बाई पाठवल्या आहेत. मिस ग्रेंजर. बाई जिवाला जीव देणाऱ्या, या कामापायी सहा आठवडे तुरुंगात काढून आलेल्या, पण गिरणीगाव त्यांनी फक्त नकाशात पाहिलेलं. त्यांनी बाजारचौकात जंगी सभा ठरवली, दोन हजार पत्रकं छापली आणि मग आम्हाला दाखवली. तारीख काय असावी? दहा जुलै, शनिवार! वर म्हणतात कशा, त्या दिवशी सगळ्या गिरण्या बंद असतात हे मी मुद्दाम चौकशी करून काढलं, म्हणजे कामकरी बायकांना मोकळेपणाने येता येईल. अगं, वेक्सच्या, आमच्या वर्षाच्या आठवडाभर सुट्टीचा पहिला दिवस! गिरण्या बंद असतात त्या काय आम्ही घरी बसून भिंती बघाव्यात म्हणून? सकाळच्या पहिल्या गाडीने अख्खं क्लेडन तुझ्या मार्शमला समुद्रावर येणार. मागे उरणार ठाण्यातला एक शिपाई, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आणि कबुतरं. चळवळीतल्या आम्ही गावच्या आठजणी आधी एकमेकींकडे बघत बसलो, मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. बिचाऱ्या बाई रडकुंडीला आल्या.

मग मीच म्हटलं, गाव समुद्रावर जातं तर सभाही समुद्रावर नेऊ. मंगळवारी, तेरा तारखेला. हे बाईंना इतकं पटलं की त्यांनी घोंगडं माझ्याच गळ्यात टाकलं. विणकर बायकांपुढे विणकर बाईच बोलली पाहिजे, आणि ती तूच, म्हणाल्या.

हे क्रॅबट्री मॅनेजरच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे, पण गुरुवारी गिरणीच्या दारावर नोटीस लागली. ज्या कामगार बाईचा आवाज जाहीर सभेत ऐकू येईल, तिचे माग त्याच दिवसापासून काढून घेण्यात येतील. नाव कुणाचं नाही, पण नोटीस वाचून झाली की जो तो माझ्याकडे बघत होता. माझे चार माग म्हणजे आईची आणि माझी चूल, हे तुला काय सांगायचं. आईच्या हाताची बोटं आता मागावर चालत नाहीत. दादाचं बिऱ्हाड वेगळं, त्याची तीन तोंडं वेगळी. युनियनची पुरुषमंडळी म्हणतात, आधी भाकरीचं बघा, मत कुठे पळून जातं. त्यांना ते म्हणायला काय जातं, त्यांच्याकडे दोन्ही आहे.

मी बोलणार आहे, आत्या. तू मिस ग्रेंजरना एक खोली दे, आणि आईला यातलं अक्षरही कळवू नकोस.

लोभ आहेच, हे पत्र वाचून तो कमी झाला तर उलट टपाली कळव.

तुझी लाडकी (अजून तरी),
झिला

मार्शम,
ता. १७ जून १९०९

चि. झिला हीस अनेक आशीर्वाद, आणि सोबत दोन धपाटे.

खोली मागतेस? वेक्सच्या आठवड्यात माझ्याकडे एकेका पलंगावर तिघं झोपतात आणि चौथा पाय बाहेर काढून. चौदा कुटुंबं आपापलं खारं मांस, अंडी, बटाटे घेऊन येतात, नावाची चिठ्ठी बांधून माझ्या स्वयंपाकघरात ठेवतात, आणि मी चौदा न्याहाऱ्या एका चुलीवर रांधते. तुझ्या लंडनच्या बाईंना सांग, शिधा बरोबर आणा. गेल्या साली एक गृहस्थ रिकाम्या हाताने आला आणि न्याहारीला काय आहे म्हणून विचारू लागला. मी त्याच्यापुढे मिठाची बाटली ठेवली. बाईंना जिन्याखालची माझी खाट देते, मी मोरीशेजारी पडेन.

आता तुझ्या भाषणाबद्दल. शहाणी असशील तर तोंड मिटून बसशील. तुझा बाप, माझा भाऊ, गेला तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. तुझ्या आईने सांध्यांचा भुगा होईतो माग चालवून तुला वर काढलं. तिच्या तोंडचा घास पणाला लावायचा तुला काय अधिकार? हे मी तुझी आत्या म्हणून विचारते.

आणि हे विचारून झाल्यावर डोक्याला टोपी चढवली आणि नगरपालिकेत गेले, कारण मी तुझी आत्याच आहे, दुसरं काय! किनाऱ्यावर सभेची परवानगी मागितली. तिथला कारकून म्हणतो, देता येणार नाही. मी म्हटलं, बाबा रे, मी कर भरणारी विधवा, नगरपालिकेला मत देते, तुझ्या साहेबाला निवडून दिलं ते माझ्यासारख्यांनीच. गटार कुठून न्यावं हे मला कळतं, पण पार्लमेंटात कोण बसावं हे म्हणे कळत नाही. असला हा कायदा. तुमच्या वाळूवर दात उपटणारा चालतो, डोकं चाचपून भविष्य सांगणारा चालतो, माकडवाला चालतो, मग आम्हीच तेवढ्या नको का? तो लालबुंद झाला, पण नाही ते नाहीच.

तेव्हा मी विचारलं, तुमची वाळू कुठवर? तर म्हणे भरतीच्या रेषेपर्यंत. आणि त्यापुढची? तिथे आमचा अंमल नाही, असं तो बोलून गेला आणि मग जीभ चावली. मी कोळ्यांना विचारून ठेवलंय. तेरा तारखेला दुपारी तीनला ओहोटीचं टोक. पाणी परतायच्या आत आटप. तुला आटोपतं घ्यायची सवय नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

माझा लोभ मागून मिळत नाही, तो असतोच.

तुझी आत्या,
टेमर पिकअप

क्लेडन,
ता. २७ जून १९०९

ती. स्व. आत्यास,
झिलाचा सा. न. वि. वि.

बातमी फुटली, आणि फोडली मीच. बाहेरच्या खोलीत आरशापुढे उभी राहून भाषण घोकत होते. शेजारणींना कळू नये म्हणून आवाज गिळून, नुसते ओठ हलवत. आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तिला आरसा समोर दिसत होता. अठ्ठावीस वर्षं मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले, पण आम्हा विणकर बायांचं ते मुकं बोलणं ती रस्त्याच्या पलीकडून वाचते. बाकीच्यांना कळू नये म्हणून मी गप्प होते, म्हणजे तिच्यापुढे बोंबलतच होते की! सगळं वाचून झाल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, तिसरा मुद्दा पुळचट आहे.

तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, माग गेले तर खायचं काय. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एमॉसदादाचं मात्र विचारू नकोस. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मुकादम, झाल्यापासून तो मागांच्या नटबोल्टांपेक्षा बायांवरच जास्त पान्हे चालवतो. रविवारी प्रार्थनेहून येऊन त्याने मला तासभर सुनावलं. मी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, दादा, तुझं मत तू दर वेळी खिशात घालून जातोस आणि मालक सांगेल त्याला देऊन येतोस, त्यापेक्षा मला दे, मी नीट वापरीन. तो जेवण टाकून उठला. तेवढं बोलायला नको होतं. पण खोटं काय होतं त्यात?

मिस ग्रेंजर मला शिकवताहेत, छाती उघडा, आवाज पोटातून काढा, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून बोला. येतंय हळूहळू. तेरा तारखेला माझा आवाज तुझ्या धक्क्याच्या टोकापर्यंत जाईल बघ.

रागावली असलीस तरी खाट आवरून ठेव. बाकी सगळं भेटीअंती.

तुझी,
झिला

क्लेडन,
ता. ३ जुलै १९०९

ती. स्व. आत्यास,
एमॉसचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, झिला ऐकण्यापलीकडे गेली आहे आणि घरात तुझ्याखेरीज तिला कोणी आवरू शकणार नाही. काल क्रॅबट्री साहेबांनी मला आत बोलावलं. मी सुट्टीत मार्शमला जाणारच आहे तेव्हा सभेला उभं राहावं, आणि बहिणीचा आवाज ऐकू आला की नाही ते सुट्टीनंतर येऊन सांगावं, असा हुकूम आहे. मी रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवतो. उभ्या जन्मात खोटं बोललो नाही, हे साहेबांना पुरतं ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांनी मला निवडलं.

आत्या, माझ्याच तोंडाने माझ्या बहिणीचे माग जायचे. आई काय खाईल? मी पुरवीन तितकं पुरवीन, पण माझीच ओढाताण तू जाणतेस. आणि लोक काय म्हणतील, की भावाने बहिणीला विकलं. मी तिला हात जोडले. ती म्हणते, तू खरं तेच सांग दादा, मी तुला खोटं बोलायला लावणार नाही. असं म्हटल्यावर माणसाने करावं काय?

तू तिला मंगळवारी दुपारी खोलीत घालून कडी लाव, आजारी पाड, काही कर, पण त्या वाळूवर तिला उभी राहू देऊ नकोस. तिने माझ्या मताबद्दल जे काढलं ते मी मनावर घेतलेलं नाही. (घेतलं आहे, पण ते असो.)

लहानावर लोभ असावा, आज तर त्याची फारच गरज आहे.

आज्ञाधारक,
एमॉस होलगेट

मार्शम,
ता. १४ जुलै १९०९

ती. स्व. केझाया वहिनींस,
टेमरचा सा. न. वि. वि.

तुम्ही गुडघ्यांपायी आला नाहीत, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. पोरगी सुखरूप आहे. आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून दुसऱ्यांच्या नावाचं मांस खाते आहे.

एमॉसने मला तिला कोंडायला सांगितलं होतं. कडी लावायचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. पण दोनच्या सुमाराला ती खाली आली, टोपीला पिन टोचली आणि निघाली. मी कडीला हात लावला नाही. उलट दार उघडून धरलं.

वाळूवर काय माणूस लोटलं होतं म्हणता! अख्खं क्लेडन, वर शेजारच्या दोन गावांतली मंडळी. भरतीच्या रेषेपलीकडे ओल्या वाळूत एक न्हाणगाडी, समुद्रात न्हाणाऱ्यांची ती चाकांवरची खोली, उभी केली, तिच्या पायऱ्या हेच व्यासपीठ. रेषेच्या अलीकडे तीन शिपाई बूट जपत उभे. सगळं झकास होतं. पण कुठल्याशा टोळक्याला कुणीतरी पाजून पाठवलं होतं. पन्नासेक पोरगे, हातात जेवणाच्या घंटा, पत्र्याचे ट्रे, खुळखुळे. मिस ग्रेंजर उभ्या राहिल्या मात्र आणि जो दणका सुरू झाला! बाईंनी छाती उघडली, पोटातून आवाज काढला, मान लाल होईतो ओरडल्या, पण पहिल्या रांगेलाही शब्द कळेना. दहा मिनिटांत घसा बसला. खाली उतरून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या, की सगळं संपलं.

तेवढ्यात आपली झिला वर चढली. तोंड उघडलं, घंटा वाजल्या. परत उघडलं, परत वाजल्या. ती थांबली, त्या पोरांकडे बघितलं, आणि वहिनी, तिचा चेहरा असा झाला, की ह्याला हे आवाज म्हणतात होय! अहो, आपल्या शेडमधल्या चारशे मागांपुढे पन्नास घंटांची काय कथा? तिने टोपी काढली, हात मोकळे केले आणि शेडमध्ये बोलतात तशी बोलायला लागली. घशातून हूं नाही की चूं नाही. नुसते ओठ, भुवया, हात.

पुढच्या रांगेतल्या बायांनी क्षणभर पाहिलं आणि एकदम सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्यांनी मागे वळून मागच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. पुरुषांनीही, कारण आईच्या मांडीवरच हे शिकलेले ते. भाषण गर्दीतून रांगारांगांनी मागे चाललं होतं. मी विणकाम सोडून वीस वर्षं झाली, तरी मला शब्द चुकला नाही. मिस ग्रेंजर घाबऱ्या होऊन विचारायला लागल्या, या सगळ्यांना काय झालंय, मी डॉक्टरला बोलवू का. मग मी त्यांना एकेक वाक्य कानात सांगत राहिले.

काय बोलली म्हणून विचाराल. आमचे कामाचे तास, आमच्या शेडमधली वाफ, आमच्या पोरांनी कितव्या वर्षी गिरणीत जावं, हे सगळं ठरवणारे पार्लमेंटातले लोक. त्यांतले एक गेल्या साली गिरणी बघायला आले होते. त्यांनी फिरत्या पट्ट्याला छत्री टेकली आणि छत्री गेली छताला. ती शिडी लावून मी काढून दिली. आता गिरणीचे कायदे कुणी करायचे, तर छत्रीवाल्याने. आणि शिडीवालीने? गप्प बसायचं. इथे तिने तो छत्रीवाला असा काही करून दाखवला, की तीन हजार माणसं एका दमात खो खो हसली.

घंटावाली पोरं चपापलीच. कुणी काही बोललेलं नाही, आणि सगळे हसताहेत. बुडवायचं तरी काय? एकेकाची घंटा थंडावली. शेवटी वाळूवर चिडीचूप, आणि त्यात तुमची लेक बोलतेय. पाणी घोट्याला लागलं, कुणी हललं नाही. ठरावाला हात वर झाले तेव्हा माझे मोजे पिंडरीपर्यंत भिजले होते आणि मला सर्दी झाली आहे. झाली तर झाली.

एमॉस दहा पावलांवर हात मागे बांधून उभा होता. तो काय सांगेल देव जाणे.

तुमची आठवण तिथल्या प्रत्येकीने काढली. आपला लोभ या ओल्या मोज्यांसकट माझ्यावर असू द्यावा.

आपली,
टेमर

क्लेडन,
ता. १९ जुलै १९०९

ती. स्व. आत्यास,
एमॉसचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आज भोंगा वाजला आणि गिरणी सुरू झाली. न्याहारीच्या सुट्टीत साहेबांनी मला बोलावलं. समोर झिला उभी. साहेबांनी विचारलं, सभेत हिचा आवाज तुला ऐकू आला काय? मी म्हटलं, नाही साहेब. एक शब्दही ऐकला नाही. बायबलवर हात ठेवून सांगतो. साहेबांनी आणखी दोन कारकून पाठवले होते म्हणे, दोघेही लंडनकडचे. तेही म्हणाले, बाई नुसते चेहरे करत होती, बहुधा उन्हाने. साहेबांनी नोटीस परत वाचली. तीत आवाज म्हटलंय, चेहऱ्याबद्दल काही नाही. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. झिलाचे माग शाबूत आहेत. देवाची कृपा.

तरी मला झोप लागेना म्हणून हे पत्र. आत्या, मी खोटं बोललो नाही. पण ते भाषण मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे, आणि छत्रीच्या ठिकाणी मी हसलोही. खरं बोलूनही इतकं अवघडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर वाटलं होतं, झिला गळ्यात पडेल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोभ असावा आणि सर्दी बरी असावी.

आज्ञाधारक,
एमॉस

क्लेडन,
ता. २० जुलै १९०९

ती. स्व. आत्यास,
झिलाचा सा. न. वि. वि.

मी वाचले. सगळे पेढे वाटल्यासारखं तोंड करून हिंडताहेत, आणि माझ्या अंगाचा नुसता जळफळाट होतोय.

काल साहेबांपुढे उभी होते. दादा म्हणाला, ऐकू आलं नाही. मी तिथेच म्हणायला हवं होतं, की मी बोलले, तिथे तुमची माणसं बहिरी होती. जिभेवर आलं होतं गं! आईचे हात डोळ्यांपुढे आले आणि मी गप्प बसले. मग मागांपाशी परत आले, तर शेजारची बर्था मुक्या बोलीत म्हणते, हीच खरी युक्ती झिला, मालकाला ऐकू न जाईल असं बोलावं. तिने कौतुकाने म्हटलं. मला मात्र कानफटात बसली.

कारण तेच तर आम्ही आजवर करत आलो! आईने अठ्ठावीस वर्षं हेच केलं. शेडमध्ये मुकं, घरी हळू, प्रार्थनेत खाली मान घालून. मालकाला ऐकू न जाईल असं. मंगळवारी मी त्या घंटांवर मात केली, त्याचा मला अभिमान आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. पण नोटीस दारावर आहे तशीच आहे, आणि आता प्रत्येक बाईला वाटतंय की आवाज न काढणं हीच शहाणपणाची गोष्ट. म्हणजे जिंकली कोण? नोटीसच ना!

म्हणून शनिवारी दुपारी बारा वाजता, भोंगा होऊन इंजिन थांबलं की, गिरणीच्या दारात मी बोलणार आहे. मोठ्याने. सहकारी दुकानाचा गाडीवान गाडी उभी करायला तयार आहे. घंटा नाहीत, माग नाहीत, क्रॅबट्रीची खिडकी वीस पावलांवर. माग जाणार, यात आता शंका नाही. हे मी आईला सांगितलं, या वेळी आरशातून नाही, समोर बसून. तिने ऐकलं आणि बटाटे सोलत राहिली.

मला थांबव असं दादा तुला लिहील. नको थांबवूस. मला भीती वाटते आत्या, फार वाटते. पण गप्प बसायची त्याहून जास्त वाटते.

लोभ ठेव, आणि ठेवून वर जिन्याखालची खाटही ठेव. लागेल कदाचित.

तुझी,
झिला

मार्शम,
ता. २२ जुलै १९०९

चि. झिला हीस अनेक आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी आहे. मागे मी तुला विचारलं होतं, आईच्या तोंडचा घास पणाला लावायचा तुला काय अधिकार. तो प्रश्न मी परत घेते. तो क्रॅबट्रीला विचारायचा होता, घास काढून घेणारा तो.

खाट आहे. दोघींना पुरेल. शिधा आणलात तरी चालेल, नाही आणलात तरी चालेल, हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

पोटातून आवाज काढ.

टेमर आत्या

क्लेडन,
ता. २८ जुलै १९०९

चि. टेमर वन्संना केझायाचा आशीर्वाद.

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलं नाही, कारण लिहिणं मला जड जातं आणि आता बोटंही वळत नाहीत. हे लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. मध्येच अक्षर डुगडुगलं तर हसू नका.

शनिवारी मी गेले. झिलाला सांगितलं नव्हतं. गुडघे ओढत गिरणीच्या दारात पोचले तेव्हा बाया बाहेर पडत होत्या आणि पोरगी गाडीवर चढत होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा झाला. तिला वाटलं, मी ओढून न्यायला आले. मी एमॉसला म्हटलं, मला वर चढव. तो म्हणाला, आई, लोक बघताहेत. मी म्हटलं, बघायलाच आलेत, चढव. त्याने चढवलं.

वन्सं, माझ्या पोरीचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकलेला नाही. तिचे ओठ मला वाचता येतात, पण ओठ तर सगळेच हलवतात. मी जन्मभर हलवले. ती खरंच बोलतेय की भीतीने नुसते ओठ हलवतेय, हे मला कसं कळणार? म्हणून मी तिच्या मागे उभी राहिले आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला. ती बोलायला लागली. ओठ हलत होते. हाताला काही लागेना. वर खिडकीत क्रॅबट्री उभा होता. मी तिला चिमटा काढला. चांगला करकचून काढला.

तेव्हा आला. हाताखाली असा घुमला, की माग सुरू होताना फरशी घुमते तसा पायापर्यंत गेला. कसा आहे तिचा आवाज ते मला माहीत नाही. पण मोठा आहे. मी भाषण संपेपर्यंत हात काढला नाही, आणि रडले, ते लिहायला लाज कसली.

साहेबांनी खिडकीतूनच एमॉसला विचारलं, ऐकू येतंय का. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं, येतंय साहेब, शब्दन् शब्द, आणि कुठे राहून गेलं असेल तर मी परत म्हणून दाखवतो. हे मी त्याच्या ओठांवरून वाचलं. तेव्हापासून बहीणभाऊ बोलायला लागलेत. त्याची नोकरी अजून आहे, किती दिवस ते ठाऊक नाही.

झिलाचे माग त्याच दुपारी काढून घेतले. आमचं पुढे काय, ते बघू. मागे मी तिला विचारलं होतं, खायचं काय. त्याचं उत्तर अजून नाही. पण आता तो प्रश्न तिचा एकटीचा नाही, माझा पण आहे. येत्या शनिवारी ती खालच्या गिरणीच्या दारात बोलणार आहे, मीही जाणार, हात ठेवायला. तुमच्या खाटेवर आत्ताच येत नाही, राग नसावा.

आता एमॉसने सांगितलेलं लिहिते. सोमवारी सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी साहेब स्वतः शेडमध्ये उतरले, आणि झिलाचे चार माग घ्यायला बर्थाला म्हणाले. बर्थाच्या घरी खाणारी सात माणसं आहेत. तिने नाही म्हटलं. मग दुसरीला विचारलं. तिने नाही म्हटलं. अशा अकरा जणी झाल्या. एकीनेही नुसते ओठ हलवले नाहीत, एमॉस म्हणतो, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. काल बाहेरगावची एक मुलगी आणली, तिला बायांनी काय झालं ते सांगितलं, ती शाल घेऊन परत गेली.

आज बुधवार. चारही माग बंद उभे आहेत.

तुमचा लोभ आहे हे मला न ऐकताही कळतं.

केझाया होलगेट